ह्यातलो राक्षस कोण? सातवीच्या वर्गातली विजयदुर्गची चित्रकथी

आमची शाळा देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीपासून फार लांब नाही. सातवीत तिसाच्या आत मुलं, निम्मी मच्छीमार घरातली, बाकीची कलमांच्या बागा असलेल्या घरातली, आणि काही बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांतली. मी त्यांना इतिहास शिकवते. विजयदुर्गच्या १७५६ च्या लढाईवर आम्ही वर्गात चित्रकथी केली, म्हणजे एकेक चित्र दाखवत गाऊन सांगायची गोष्ट. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की हल्ली प्रत्येक ट्रेनिंगला कलेतून शिकवा, कलेतून शिकवा असं सांगतात, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातपण ते आहे, आणि प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी धडा शिकवून संपला की शेवटच्या तासाला मुलांना फेटे बांधून पोवाडा म्हणायला लावतात, फोटो ग्रुपवर जातात, विषय संपला. मुलांना त्यात मजा येते, ते मला मान्य आहे. पण इतिहास तोवर शिकवून झालेला असतो, कला त्यावर वरून लावलेली असते, त्यामुळे कलेने काही शिकवायला जागाच उरत नाही. आम्ही क्रम उलटा केला. चित्र आधी काढायला घेतलं आणि जिथे चित्र अडलं तिथे इतिहास शोधायला गेलो. माझं सगळं म्हणणं ह्या अडण्याबद्दलच आहे.

आधी विषय कसा ठरला ते सांगते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी, त्यात आमचा विजयदुर्ग पण. गावात बॅनर लागले, गाड्या वाढल्या. वर्गात विचारलं की विजयदुर्गात काय घडलं ते सांगा, तर मुलांना तिहेरी तटबंदी माहीत, पाण्याखालच्या भिंतीची गोष्ट माहीत, महाराजांनी किल्ला घेतला हे माहीत. १७५६ चं नाव कुणीच घेतलं नाही. ज्या खाडीत ह्यांचे वडील रोज होडी घालतात त्याच खाडीत आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं, आणि पोरांना त्याचा पत्ता नाही, हे मला फार लागलं.

थोडक्यात घटना अशी. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, मग घर फुटलं, मानाजी कुलाब्याला, संभाजी इकडे दक्षिणेला, आणि संभाजीनंतर तुळाजी विजयदुर्गात बसला. तुळाजीचं आणि नानासाहेब पेशव्यांचं जमेना. १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईचे इंग्रज यांनी मिळून तुळाजीविरुद्ध करार केला, त्याच वर्षी कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल चार्ल्स वॉटसन समुद्रातून आणि रॉबर्ट क्लाइव्ह जमिनीवरून विजयदुर्गावर आले, पेशव्यांची फौज वरच्या बाजूला होतीच. तुळाजी मराठ्यांच्या छावणीत गेला तो पुढे त्यांच्याच कैदेत राहिला. आरमार जळालं, किल्ला पडला, आणि पुढच्याच वर्षी हेच क्लाइव्ह-वॉटसन बंगालमध्ये होते, जून १७५७ ला प्लासी झाली. म्हणजे आठवीला जे प्रकरण कुठेतरी लांब बंगालात सुरू होतं ते आमच्या खाडीतून निघालेलं होतं.

आता कला कुठली घ्यायची. आमच्याकडे पहिलं नाव दशावताराचंच येतं आणि मुलांचा हट्टपण तोच होता, राजपार्ट कोण, संकासुर कोण, भांडाभांडी तिथेच सुरू झाली. दशावतारात संहिता लिहिलेली नसते, आख्यान ठरतं आणि नट रंगमंचावर बोलत बोलत उभं करतात, ती ताकद फार मोठी आहे, पण ह्या कामाला मला ती नको होती कारण बोलून गेलेलं वाक्य परत धरता येत नाही. मला असं काहीतरी हवं होतं की जे कागदावर राहील, समोर ठेवता येईल आणि ज्याच्याकडे बोट दाखवून हे कशावरून असं विचारता येईल. म्हणून चित्रकथी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही कला जपलीय, सावंतवाडी संस्थानाने तिला आश्रय दिलेला, आणि परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. सुटी चित्रं एका कथेची एकत्र असतात त्याला पोथी म्हणतात, एक चित्र समोर धरायचं, गाऊन सांगायचं, मग पुढचं. रामायण-महाभारतातली आख्यानं. शाळेची सहल तिकडेच नेली, मुलांनी जुनी चित्रं बघितली, चेहरे बाजूने काढलेले, डोळे मोठे, महत्त्वाचा माणूस मोठा आणि बाकीचे लहान, राक्षस लगेच ओळखू येतो.

परत आल्यावर ड्रॉइंगच्या सरांबरोबर बसून एक नियम ठरवला आणि ह्या सगळ्या प्रकरणातली खरी कामाची गोष्ट तीच आहे असं मला वाटतं. प्रत्येक चित्राच्या मागच्या बाजूला लिहायचं की चित्रात जे दाखवलंय ते कशावरून. तीनच शब्द वापरायचे: कागदावरून, जागेवरून, मनाने. कागदावरून म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेलं आहे. जागेवरून म्हणजे आपण किल्ल्यावर किंवा खाडीत जाऊन बघितलं. मनाने म्हणजे आपण कल्पना केली. मनाने लिहायला लाजायचं नाही, कारण रंग काढताना, कपडे काढताना काहीतरी मनाने काढावंच लागतं. फक्त लपवायचं नाही.

पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्या मागच्या बाजूंवर मनाने, मनाने, मनाने. तेव्हा एक मुलगा वैतागून म्हणाला की मगे आमका म्हायती काय आसा? नेमका हाच प्रश्न त्यांना पडायला हवा होता. मी तास घेऊन तुम्हाला १७५६ ची फारशी माहिती नाही असं सांगितलं असतं तर त्यांनी वहीत उतरवून घेतलं असतं. इथे कागद पालथा केला की दिसत होतं.

मग एकेक चित्र अडायला लागलं. जहाजांचं चित्र आधी. पोरांनी आरमार म्हणून आजचे ट्रॉलर काढले, वर भगवा झेंडा लावला. मी काही बोलले नाही, मागे काय लिहिणार एवढंच विचारलं. गुराब आणि गलबत हे शब्द पुस्तकातून माहीत होते पण चित्र काढायचं तर गुराबाला शिडं किती, तोफा कुठे, वल्ही असायची की नाही, सगळं लागतं. गलबत हलकं, शिडावर चालायचं आणि वल्ह्यांवरपण, गुराब मोठी आणि जड तोफा वागवणारी, वारा पडला की गलबतं तिला ओढून न्यायची, हे शोधून काढल्यावर एका मुलीने गुराबीपुढे दोर बांधलेली चार गलबतं काढली आणि ते चित्र बघून तिच्या आजोबांनी होडी ओढण्याच्या दोराची गाठ कशी असते ते दाखवलं, म्हणून गाठ आली जागेवरून!

सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते वाऱ्याचं चित्र. वॉटसनची जहाजं खाडीच्या तोंडातून आत येतायत असं चित्र होतं आणि ज्या गटाकडे ते होतं त्यांनी मागे उगवता सूर्य काढला, छान दिसतो म्हणून. मच्छीमार घरातला एक मुलगा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा, उठून म्हणाला, "सकाळी वारो जमनीवयलो असता, तेवां भायला जहाज आत येतला कसा? दुपारपासून वारो फिरता, मगे येतला." फेब्रुवारीत आमच्याकडे सकाळी मतलई आणि दुपारनंतर खारा वारा हे भूगोलातपण आहे, पण ह्याला ते भूगोलातून माहीत नव्हतं, बापाबरोबर समुद्रात जाऊन माहीत होतं. मग इंग्रजी वर्णनं उघडली, आणि तोफांचा हल्ला खरंच दुपारी सुरू झालेला. वर्ग एकदम गप्प झाला आणि मग गोंधळ. त्या पोराने कुठलंही पुस्तक न वाचता पुराव्याने एक गोष्ट सिद्ध केली होती आणि पुस्तकाने नंतर मान हलवली. सूर्य खोडून पश्चिमेला नेला, त्यासाठी अख्खं चित्र परत काढावं लागलं आणि गटाने कुरकुर न करता काढलं. इतकी वर्षं शिकवतेय, इतिहासाच्या तासाला ह्या मुलाचं ज्ञान उपयोगी पडेल असं प्रश्नपत्रिकेत कुठेच जमत नाही, चित्रात ते जमलं.

आगीचं चित्र सोपं गेलं. कंपनीचं एक जहाज तुळाजीने आधी पकडून खाडीत ठेवलेलं, त्यावर इंग्रजांचा पेटता गोळा पडला, ते पेटलं, आणि एकमेकांना लागून बांधलेली जहाजं एकामागून एक पेटत गेली. मुलांनी लाल-पिवळा रंग संपवला.

आणि मग मुख्य अडचण. चित्रकथीत राक्षस दिसला की कळतो. पोथी मांडायला बसलो तेव्हा वर्गाच्या मधोमध प्रश्न आला, "बाई, ह्यातलो राक्षस कोण?" अर्धा वर्ग म्हणाला इंग्रज, संपलं. त्यावर दुसरी म्हणाली पण इंग्रजांना बोलावलं कोणी? "पेशवो आमचोच ना? मगे तो इंग्रजांवांगडा कित्याक गेलो?" तिसरा म्हणाला मग तुळाजीच वाईट असणार, नाहीतर पेशवे कशाला चिडतील. मी उत्तर दिलं नाही. दोन गट केले, एका गटाने तुळाजी पेशव्यांच्या माणसाच्या डोळ्यांनी काढायचा आणि दुसऱ्याने तुळाजीच्या गलबतावरच्या खलाशाच्या डोळ्यांनी, आणि मागची बाजू भरायचीच.

पहिल्या गटाला कारणं सापडली. पेशव्यांच्या बाजूने बघितलं तर तुळाजी कुणाला जुमानत नव्हता, शेजारच्या मराठी मुलखालापण त्याचा त्रास होता, आणि एकाच राज्यात दोन तलवारी कशा चालतील. दुसऱ्या गटाला सापडलं की आंग्र्यांचं सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, हे पद छत्रपतींकडून आलेलं, पेशव्यांकडून नाही, मग पेशव्यांपुढे का वाकायचं. दस्तकाची गोष्ट पण त्यांनी आणली, आंग्र्यांचा परवाना न घेता इथल्या समुद्रात फिरणारं जहाज ते पकडायचे, इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणायचे, पण पोर्तुगीजसुद्धा त्याआधीपासून लोकांना परवाने घ्यायला लावत होतेच की, त्यांना कोण चाचे म्हणत नाही. हे बोलणारा मुलगा सातवीतला आहे! दोन तुळाजी तयार झाले, एक मोठा, मिशा वळवलेला, दुसरा खलाशांच्या बरोबरीच्या उंचीचा. एका भिंतीवर शेजारी शेजारी लावले. राक्षस शेवटी पोथीत कुणालाच केलं नाही, तो निर्णय मुलांनी मत घेऊन केला आणि काही जण नाराज राहिले, त्यांना इंग्रजांना तरी सुळे काढायचे होते. लुटीचं कळल्यावर तर जास्तच, कारण किल्ल्यातली सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली, बरोबर आलेल्या मराठ्यांना त्यात वाटा दिला नाही.

ह्या टप्प्यावर मी त्यांना एक परकं चित्र दाखवलं. डॉमिनिक सेरेस नावाच्या चित्रकाराचं विजयदुर्ग काबीज केल्याचं तैलचित्र, १७७१ मधलं, आता लंडनच्या ग्रीनिचमधल्या सागरी संग्रहालयात आहे. प्रोजेक्टरवर मोठं करून लावलं. आता मुलं तयार झालेली होती, त्यामुळे वा छान असं कुणीच म्हटलं नाही, पहिला प्रश्न आला की ह्याच्या मागे काय लिहिलंय? म्हणजे कागदावरून की जागेवरून की मनाने. घटनेनंतर १५ वर्षांनी, तिकडे इंग्लंडमध्ये काढलेलं. मग कुणीतरी म्हणालं, त्यांचंपण मनानेच की. कुणी म्हणालं मनाने नाही, बघितलेल्या लोकांनी सांगितलेलं ऐकून असेल, मग त्याला काय लिहायचं? तिथे चौथा शब्द आला, ऐकून. तो मुलांनी बनवला, मी नाही. आणि हे चित्र जिंकलेल्यांच्या घरात लावायला काढलेलं आहे हेपण त्यांच्याच तोंडून आलं. आधी ते तैलचित्र दाखवून नंतर मुलांना चित्रं काढायला सांगितली असती तर त्यांनी त्याची नक्कल केली असती, हे मी अगदी ठामपणे सांगते. स्वतःचं काढून झाल्यावरच दुसऱ्याच्या चित्राला प्रश्न विचारायची हिंमत येते.

एक चित्र मुलींनी मागून घेतलं. वॉटसनच्या जहाजावर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा सर्जन होता, त्याने १७७३ मध्ये प्रवासवर्णन छापलं, त्यात किल्ला पडल्यावर तुळाजीची आई, बायका आणि लेकरं आत सापडली आणि वॉटसन त्यांना भेटायला गेला असं लिहिलंय. तो भाग मी वर्गात मराठीत करून सांगितला. किल्ल्यात बाया होत्या हेच कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं, तोपर्यंत काढलेल्या एकाही चित्रात बाई नव्हती. तीन मुलींनी त्या प्रसंगाचं चित्र काढलं आणि चित्रकथीचा नियम वापरला, महत्त्वाचा माणूस मोठा. त्यांनी आईला सगळ्यात मोठी काढली, अॅडमिरल तिच्या खांद्याला. मागे लिहिलं, प्रसंग कागदावरून पण कागद शत्रूचा, त्याला स्वतःला चांगला दाखवायचा असेल, साडी मनाने. हे वाचून मी स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. पुराव्याची चिकित्सा म्हणून बीएडला आम्ही जे पानंच्या पानं लिहिलं ते ह्या पोरींनी दोन ओळीत लिहिलं.

स्नेहसंमेलनात पोथी सादर झाली. मृदुंग, झांज आणि गाणारी चार मुलं. चाली त्यांनी भजनातल्या घेतल्या, शब्द स्वतः जुळवले, काही ठिकाणी यमकासाठी मोडतोड झाली. एका ओळीत यमक जुळावं म्हणून तुळाजीला लढता लढता धारातीर्थी पाडलं होतं, तालमीत दुसऱ्या गटाने ते पकडलं, कैदेत गेला तो मेला कसा म्हणून. ओळ बदलली, यमक गेलं. मला ते यमक गेल्याचा फार आनंद झाला.

कार्यक्रमानंतर एक पालक भेटले. चांगले गृहस्थ, शाळेला नेहमी मदत करणारे. म्हणाले, बाई, पोरांना आपापसातली भांडणं कशाला दाखवता, अभिमान वाटेल असं शिकवा. त्यांचं वाईट वाटणं खोटं नव्हतं आणि मी ते हलक्यात घेतलं नाही. मी त्यांना पोथी परत उघडून दिली आणि त्यांच्या मुलालाच समजवायला सांगितलं. त्याने गुराबा दाखवल्या, गोदी दाखवली, गिर्येला जाऊन बघून आलेली, आपल्या लोकांनी इथे जहाजं बांधली म्हणून छाती फुगवून सांगितलं, आणि मग म्हणाला की एवढं सगळं आपल्यातल्या भांडणात जळालं म्हणून तर ते कळायला पाहिजे. ते पूर्ण पटून गेले असं म्हणणार नाही. पुढच्या सभेत त्यांनी हा विषय परत काढला, तेव्हा बाकीचे पालक बोलले.

काय जमलं नाही तेपण लिहिते. वेळ प्रचंड गेला. दिवाळीनंतर सुरू केलेलं जानेवारीपर्यंत चाललं, इतिहासाचे तास पुरेनात म्हणून ड्रॉइंगचे आणि कार्यानुभवाचे घेतले, त्यानंतरची प्रकरणं मला भराभर घ्यावी लागली. वर्षातून एकच प्रकरण असं करता येतं, जास्त नाही, ट्रेनिंगला प्रत्येक धडा कलेतून घ्या असं सांगतात ते मला अजिबात पटत नाही. धडा असा निवडायला हवा की ज्यात बाजू एकापेक्षा जास्त आहेत, आणि ज्याची जागा मुलांना पायी गाठता येते. सनावळ्या पाठ होण्यात काही फरक पडला नाही, घटक चाचणीत १७५५ आणि १७५६ ची अदलाबदल होतीच. फरक पडला तो कारणे लिहा ह्या प्रश्नात. आधी एका ओळीत एक कारण यायचं, आता पेशव्यांच्या मते असं आणि आंग्र्यांच्या मते असं अशी उत्तरं यायला लागली, ह्या धड्याच्या बाहेरच्या प्रश्नातसुद्धा. आणि दोन-तीन मुलांना चित्र काढणं मुळीच आवडत नाही, त्यांच्याकडे आम्ही मागच्या बाजूंचं काम दिलं, म्हणजे इतरांच्या चित्रांची तपासणी, ते त्यांनी इतकं कडक केलं की भांडणं लागली. नेपाळी मुलांचं मला सुरुवातीला वाटत होतं की हा इतिहास त्यांना परका वाटेल, पण राखणीवर असलेल्या माणसाला मालकांच्या भांडणात काय होतं हे त्यातल्या एकाने खलाशाच्या गटात बसून फार नीट मांडलं.

खर्च म्हणाल तर जाड कार्ट्रिज कागद, पोस्टर कलर, चित्र टेकवायला एक फळी. मृदुंग देवळातून आणला.

पोथीचं शेवटचं पान अजून ठरलेलं नाही. काहींना तुळाजी कैदेत हवाय, काहींना बाणकोट, कारण १७५६ संपायच्या आतच इंग्रजांनी विजयदुर्ग मराठ्यांना परत देऊन बदल्यात बाणकोट घेतला आणि पुढे पेशव्यांचं आरमार धुळप घराण्याच्या हाताखाली इथेच उभं राहिलं, म्हणजे गोष्ट आगीवर संपत नाही. ती मुलं आता आठवीत आहेत आणि मधल्या सुट्टीत येऊन अजून वाद घालतात. नव्या सातवीला सुवर्णदुर्ग करायचाय. विल्यम जेम्सच्या बायकोने नवऱ्याच्या ह्याच विजयाची आठवण म्हणून १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक मनोरा बांधला, त्याला सेव्हर्नद्रूग कॅसल म्हणतात, म्हणजे आपलाच सुवर्णदुर्ग, हे सांगितल्यापासून त्यांना चैन नाही. पण सुवर्णदुर्ग ज्या हर्णैजवळ आहे ते आम्हाला लांब पडतं, जागेवरून हा शब्द तिथे आमच्या मुलांना लिहिता येणार नाही. हर्णै, दापोली बाजूच्या एखाद्या शाळेतली सातवी तयार असेल तर समुद्राकडची चित्रं त्यांनी काढावी आणि मनोऱ्याकडची आम्ही काढू.